पंढरीचे दार आणि साने गुरुजी

कोणत्याही गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे बोलणे होते ते शिखराचे, गाभाऱ्याच्या फरशीचे, सभामंडपाच्या खांबांचे, कळसाचे आणि वर्गणीचे. दाराचे बोलणे फारसे होत नाही. ते सागवानी असावे की पितळी पत्र्याने मढवावे, एवढी चर्चा होऊन विषय संपतो. परंतु महाराष्ट्रातील देवळांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर सर्वांत मोठा वाद शिखरावरून वा कळसावरून झालेला नाही, तो दारावरून झाला आहे. कोणी आत यावे आणि कोणी बाहेर उभे राहावे, हा तो वाद. या वादातील सर्वांत मोठा प्रसंग १ मे ते १० मे १९४७ या दहा दिवसांत पंढरपूर क्षेत्री घडला. तो घडविणारा मनुष्य देव न मानणारा नव्हता. उलट देवाचे नाव घेताच ज्याचे डोळे भरून येत असा तो भाविक होता. म्हणून देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ती हकीगत वाचकांपुढे ठेवणे उचित आहे.

ही हकीगत सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. पंढरपूरला जो वारकरी जातो तो महाद्वारात प्रथम नामदेवांच्या पायरीला हात लावतो. त्या पायरीच्या समोरच श्रीसंत चोखामेळा यांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीने महार. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, असे सारे घर विठ्ठलभक्त आणि सर्वांच्या नावे अभंगरचना आहे. इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली राबणाऱ्या मजुरांबरोबर चोखोबाही गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून नामदेवांनी त्या पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली, अशी परंपरा आहे.

येथे भाविकांनी जरा थांबून विचार करावा. समाधी बांधली ती दाराबाहेर. वारकरी संप्रदायाने चोखोबांना संत म्हटले, त्यांचे अभंग कीर्तनात गायिले, परंतु त्यांच्या जातीच्या माणसाला पुढे सहाशे वर्षे त्या समाधीपर्यंतच येता आले. आषाढीला दूरच्या गावाहून पायी चालत आलेला, गळ्यात तुळशीची माळ घातलेला महार वा मांग वारकरी चंद्रभागेत स्नान करी, चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवी, कळसाला हात जोडी आणि परत फिरे. ज्या विठोबासाठी तो आला तो विठोबा त्याला दिसत नसे. गावोगावीही हाच प्रकार होता. देवळाची वर्गणी काढायची तर ती सर्व वस्त्यांतून येई. मृदंगाचे कातडे ढोराने कमावलेले असे, पालखीपुढची हलगी मांग वाजवी, जत्रेची दवंडी महार देई. देवाला त्यांचे श्रम चालत होते, पैसाही चालत होता. उंबऱ्याच्या आत त्यांचे पाऊल तेवढे चालत नव्हते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु वैभव उतरलेले. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. आई १९१७ साली वारली तेव्हा पांडुरंग शिकण्यासाठी परगावी होता. त्या आईच्या आठवणींतून पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली अवघ्या काही दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले आणि आजही घराघरांत आहे. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले हेही अनेकांना ठाऊक असेल.

त्या पुस्तकातील एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. ती पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण विटाळ होईल. श्यामची आई श्यामला सांगते की तू जाऊन तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. पुष्कळ वाचकांना या प्रसंगात आईचे मोठेपण दिसते आणि ते आहेच. परंतु आंघोळीचाही विसर पडू नये. त्या माऊलीची दया उंबरा ओलांडून गेली, पण विटाळाची समजूत घरातच राहिली. पालगडसारख्या गावात त्या काळी एका ब्राह्मण घरच्या बाईने एवढे करणे हेच फार होते, हे मान्य केले पाहिजे. मुलाने मात्र आईकडून मोळी उचलायची शिकवण घेतली आणि आंघोळ सोडून दिली. गुरुजींच्या पुढील सगळ्या राजकारणाचे मूळ या एका गोष्टीत सापडते असे म्हणण्यास हरकत नाही.

एम.ए. झाल्यावर अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ काढून ते तेथीलच प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून शिक्षक झाले आणि छात्रालयही सांभाळू लागले. ‘गुरुजी’ ही उपाधी तेथली. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, दिवे पुसणे ही कामे ते मुलांच्या नकळत करीत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात नोकरी सोडून ते तुरुंगात गेले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत असत. ती प्रवचने साने गुरुजींनी जागच्या जागी उतरवून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जो ग्रंथ भारतातील अनेक भाषांत वाचला जातो तो त्यांच्या लेखणीमुळे हाती राहिला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचा कुरळ मराठीत आणला. तुरुंगात दुसऱ्या प्रांताची भाषा शिकत बसणारा राजबंदी विरळाच म्हणावा लागेल.

परंतु हा भाविक मनुष्य पोथीत गुंतून पडला नाही. पूर्व खानदेशात पिके बुडाली तेव्हा शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या. आणेवारी म्हणजे काय हे शेतकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. रुपयात किती आणे पीक आले हे कागदावर लागते आणि त्यावर सूट वा तहकुबी ठरते. कागदावरचा आकडा आणि खळ्यातले धान्य यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, ही तक्रार इंग्रजांच्या काळाइतकीच जुनी आहे. गुरुजींनी ती तक्रार सरकारपुढे नेली, आणि त्या वेळी मुंबई इलाख्यात त्यांच्याच काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. स्वपक्षाचे सरकार म्हणून त्यांनी आवाज हळू केला नाही. अमळनेर-धुळ्याकडील गिरणी कामगारांतही ते वावरले. १९३६ साली फैजपूर येथे खेड्यातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले तेव्हा गावोगाव हिंडून ज्यांनी माणसे उभी केली त्यांत ते पुढे होते. १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहिले, १९४३ साली पकडले गेले. पुढे ते समाजवादी मंडळींबरोबर राहिले. शेतकरी, कामगार आणि अस्पृश्य ही त्यांच्या लेखी तीन वेगळी कामे नव्हती. देव सर्वांच्या ठायी आहे असे जर खरोखर मानले तर सारा भरता न येणारा कुणबी, गिरणीतला मजूर आणि वेशीबाहेरचा माणूस यांच्याशी आपण कसे वागतो यातच ती श्रद्धा खरी की खोटी हे कळते, अशी त्यांची सरळ समजूत होती.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न काही साने गुरुजींनी प्रथम काढला असे नव्हे, आणि तसे कोणी सांगू लागल्यास ते इतिहासाला सोडून होईल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. जोतीराव ‘निर्मिक’ म्हणजे सर्वांचा निर्माता एक आहे असे मानणारे होते, आणि त्या एका श्रद्धेवरूनच त्यांनी भटशाहीशी भांडण मांडले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म जमखंडीच्या वारकरी घरातला. त्यांनी १९०६ साली ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढून अस्पृश्यांच्या शाळा व वसतिगृहे चालविली. या माणसाने विलायतेस जाऊन धर्माचा अभ्यास केला आणि परत येऊन मुंबई-पुण्याच्या अस्पृश्य वस्त्यांत संसार मांडला. त्यांचे ऋण महाराष्ट्राने पुरते ओळखले नाही, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी व सार्वजनिक खर्चाच्या पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांचा उपयोग अस्पृश्यांना करता यावा असा तो ठराव. ठराव कागदावर राहिला. तो अमलात आणण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पुण्याच्या पर्वतीवर १९२९ साली सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; हजारो स्त्रीपुरुष गोदाकाठी जमले, देवळाची सर्व दारे बंद करण्यात आली, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी हा लढा वर्षानुवर्षे चालविला. दार काही उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली त्याच्या पाठीमागे काळारामाचे ते बंद दार होते.

दक्षिणेकडे १९३६ साली त्रावणकोरच्या महाराजांनी जाहीरनामा काढून संस्थानातील देवळे सर्व हिंदूंना खुली केली. मदुरेचे मीनाक्षी मंदिर १९३९ साली उघडले. संतांची भूमी म्हणून मिरविणाऱ्या महाराष्ट्राचे मुख्य दैवत मात्र अजून बंदच होते.

१९४६ च्या अखेरीस साने गुरुजींनी जाहीर केले की पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले नाही तर आपण प्राणांतिक उपोषण करणार. कार्तिकी एकादशीपासून बसण्याचा त्यांचा निश्चय होता. सेनापती बापट आदी वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांना थांबविले. आधी लोकांकडे जाऊ, त्यांचे मन तयार करू, त्यासाठी सहा महिने द्या, असे त्यांचे म्हणणे पडले. गुरुजींनी ते मानले. सेनापती त्या वेळी पासष्टी ओलांडलेले, तरी तेही दौऱ्यावर निघाले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक बरोबर होते. गावात जायचे, सभा घ्यायची, गाणी म्हणायची, मंदिर आणि विहीर खुली करण्याविषयी गावकऱ्यांना हात जोडायचे, असा हा दौरा महाराष्ट्रभर चालला.

या सहा महिन्यांचे महत्त्व उपोषणापेक्षा कमी नाही. उपोषणाची बातमी झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले. परंतु खेड्यापाड्यांत ज्या विहिरी आणि देवळे त्या दौऱ्यात खुली झाली ती गावकऱ्यांनी बसून, बोलून, भांडून स्वतः खुली केली. एखाद्या गावात पाटील पुढे आला असेल, एखाद्या गावात कोणी म्हातारी रुसून घरी गेली असेल, एखादे गाव सभेत हो म्हणून दुसऱ्या दिवशी फिरलेही असेल. खेड्याचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला हे नवल वाटणार नाही. तरी एकाच पाणवठ्यावर दोन वस्त्यांच्या घागरी लागल्या ही गोष्ट डोळ्यांनी दिसली, आणि डोळ्यांनी दिसलेले व्याख्यानापेक्षा अधिक टिकते.

विरोध करणारे कोण होते हेही निष्पक्षपणे सांगितले पाहिजे. त्यांत आपले उत्पन्न आणि मान जाईल या भयाने बोलणारे होते, तसे खरोखर श्रद्धेने बोलणारेही होते. शास्त्राने सांगितलेली मर्यादा मोडली तर देवाचे देवपण जाईल, असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांना ढोंगी म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. श्रद्धा दोन्हीकडे होती. भेद होता तो एवढाच की, एका बाजूची श्रद्धा देवाला माणसापासून जपत होती आणि दुसऱ्या बाजूची श्रद्धा देवाला माणसापर्यंत नेऊ पाहत होती. गुरुजींनी विलायती ग्रंथांचे दाखले दिले नाहीत. ज्ञानोबा, नामदेव, चोखोबा, एकनाथ, तुकोबा यांची नावे घेऊनच ते बोलले. विरोधकांनीही याच संतांची नावे घेतली. त्यामुळे हा वाद आस्तिक आणि नास्तिक यांचा झाला नाही. एकाच घरातील भावांचा झाला, आणि म्हणूनच तो इतका कडवट झाला.

दुसराही एक आक्षेप होता आणि तो राजकीय मंडळींचा होता. स्वराज्य दाराशी आले आहे, देशात दंगली चालल्या आहेत, अशा वेळी हे कशाला? शिवाय कायदा होणारच आहे, थोडे थांबा. व्यवहाराच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु गुरुजींना स्वराज्य येण्याच्या घडीलाच हे हवे होते. देश मोकळा होत असताना विठोबाने मूठभरांच्या ताब्यात राहावे हे त्यांना सहन होईना. आणि कायद्याने दार उघडण्याआधी लोकांनी ते आपल्या हाताने उघडावे अशी त्यांची तळमळ होती.

पंढरपुरात उपोषणाला जागा देण्यास कोणी तयार होईना. क्षेत्रात शेकडो मठ आणि धर्मशाळा, पण या पाहुण्यासाठी एकेक दार लागत गेले. शेवटी ह.भ.प. तनपुरे महाराज यांनी आपला मठ दिला. तनपुरे महाराज स्वतः वारकरी कीर्तनकार. फडकरी मंडळींत उठणे-बसणे असलेल्या माणसाने त्या दिवसांत एवढे धाडस करणे याची किंमत आज बसल्या जागी कळणार नाही. साने गुरुजींचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ज्याने छप्पर दिले त्याचेही नाव त्याबरोबर घेतले पाहिजे.

१ मे १९४७ रोजी उपोषणास प्रारंभ झाला. वैशाखाचे दिवस. पंढरपूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना चंद्रभागेचे वाळवंट त्या महिन्यात कसे तापते ते सांगायला नको. गुरुजींची प्रकृती मुळात नाजूक. मठात भजन चाले, गावात आणि बाहेरगावी सभा होत, आणि विरोधाच्याही सभा होत. याच दिवसांत एक मोठा आघात झाला. गांधीजींकडे गेलेल्या माहितीवरून त्यांचा समज झाला की हे उपोषण योग्य नाही, आणि ते सोडावे अशी त्यांची तार आली. ज्या महात्म्याच्या शब्दाखातर नोकरी सोडली, तुरुंग भोगले, त्याचाच नकार आला. गुरुजींना अतिशय दुःख झाले. तथापि त्यांनी उपोषण सोडले नाही. आपल्या अंतःकरणाने जे सांगितले ते गांधीजींच्या सांगण्यावरूनही मोडता येत नाही, अशी भूमिका त्यांनी नम्रपणे घेतली. गुरूवरची भक्ती आणि गुरूची आज्ञा यांत असा पेच पडणे ही भाविकाच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा होय. पुढाऱ्याच्या एका शब्दावर मत फिरविणारे अनुयायी नंतरच्या काळात पुष्कळ पाहावयास मिळाले. त्या मानाने ही तार आणि तिचे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. ते पंढरपुरास आले, बडवे मंडळींशी बोलले, त्यांच्या अडचणी ऐकल्या, कायद्याची बाजू समजावून दिली. अखेर मंदिर खुले करण्यास संमती मिळाली आणि १० मे १९४७ रोजी उपोषण सुटले. बडव्यांपैकी ज्यांनी या संमतीच्या बाजूने आपल्या भाऊबंदांत शब्द टाकला असेल त्यांची नावे कोठे छापून आलेली दिसत नाहीत. तडजोडीत असे नेहमीच होते. उपोषण करणाऱ्याचे नाव राहते आणि हट्ट सोडणाऱ्याचे राहत नाही.

त्याच वर्षी मुंबई सरकारचा १९४७ चा ३५ वा अधिनियम, म्हणजे हरिजन मंदिर प्रवेश कायदा, झाला. ‘हरिजन’ हा शब्द आज कोणी वापरत नाही, आणि तो ज्यांना लावला गेला त्यांच्यापैकी पुष्कळांना तो कधीच रुचला नव्हता. कायद्याच्या नावात मात्र तो आहे, म्हणून येथे लिहिला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. १९५५ साली अस्पृश्यतेचा गुन्हा ठरविणारा केंद्राचा कायदा आला आणि १९५६ साली मुंबई राज्याने सार्वजनिक हिंदू देवस्थानांत प्रवेशासंबंधी नवा कायदा करून जुन्याची जागा भरली. गावच्या देवस्थानच्या पंचांनी आणि विश्वस्तांनी हे कायदे एकदा वाचून ठेवावेत. ‘आमच्याकडे पूर्वापार असेच आहे’ हे उत्तर कायद्यात कोठेही बसत नाही.

दार उघडल्याने सर्व काही झाले असे मात्र नाही. काही जुन्या मंडळींनी देव बाटला म्हणून मंदिरात जाणे सोडले आणि कळसाचेच दर्शन घेण्याचा नेम धरला. सहाशे वर्षे जे इतरांच्या वाट्याला आले होते ते त्यांनी आपण होऊन पत्करले, हा काळाचा न्याय मोठा विलक्षण. दुसऱ्या बाजूने बाबासाहेब आंबेडकरांचे मत केव्हाच पुढे गेले होते. मंदिरप्रवेशाने पोट भरत नाही, शिक्षण मिळत नाही, मान मिळत नाही; जातिभेद आणि चातुर्वर्ण्य तसेच ठेवून नुसते दार उघडणार असाल तर त्या दाराशी आमचे काम नाही, असा त्यांच्या १९३३ सालच्या प्रतिपादनाचा आशय होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हा ज्यांच्यासाठी पंढरीचे दार उघडले त्यांच्यापैकी मोठा समाज त्या दाराकडे पाठ फिरवून गेला. याचा कोणी राग मानू नये. उशिरा उघडलेल्या दारातून आत यावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार बाहेर उभा राहिलेल्याचाच असतो. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला १९४८ सालचा ग्रंथ अर्पण केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस. संतांविषयी त्यांना वैर नव्हते. संतांचे नाव घेऊन दार लावणाऱ्यांविषयी होते.

मग गुरुजींचे उपोषण कोणासाठी होते? नीट पाहिले तर ते आत असलेल्यांसाठीच अधिक होते. ज्यांनी दार लावून ठेवले होते त्यांच्या विठोबालाच ते सोडवायला निघाले होते. स्पृश्य समाजाने आपले पाप आपण धुवावे, दुसऱ्यावर उपकार म्हणून नव्हे, हीच त्यांची भावना होती.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारणारा महाराष्ट्रातला निघाला याचे गुरुजींना इतके दुःख झाले की त्यांनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. प्रांताप्रांतांतील मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी मांडली. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. एवढ्या कोवळ्या मनाच्या माणसाला सभोवतालचे दुःख सोसवले नाही, असेच त्यांच्या निकटवर्तीयांनी मानले. त्याविषयी अधिक न लिहिणे बरे.

पंढरपूरच्या मंदिराचा कारभार मात्र पुढेही बराच काळ वादात राहिला. भाविकांच्या तक्रारींवरून नाडकर्णी आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालानंतर १९७३ साली पंढरपूर मंदिरे कायदा करून बडवे, उत्पात आदींचे वंशपरंपरागत हक्क काढून घेण्यात आले. १९८५ पासून मंदिराचा कारभार प्रत्यक्ष शासननियुक्त समितीकडे आला आणि कोर्टकचेऱ्या होऊन जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो वाद मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींतून पुजारी नेमण्याचा निर्णय केला, आणि रुक्मिणीमातेच्या पूजेस स्त्रियाही घेतल्या गेल्या. चोखोबांच्या मृत्यूपासून या दिवसापर्यंत ६७६ वर्षे झाली होती.

याच पंढरपुरात एक दुसरे दार पूर्वीपासून उघडे होते, त्याचाही उल्लेख व्हावा. गाडगे महाराज आयुष्यभर पंढरपूरला जात, वाळवंटात कीर्तन करीत, वाळवंट झाडीत, पण देवदर्शनासाठी धडपड करीत नसत. ज्या वारकऱ्यांना कोणी उतरू देत नसे त्यांच्यासाठी त्यांनी वर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. कपाळी बुक्का आणि हातात खराटा घेतलेल्या या अक्षरशत्रू साधूला मुलांच्या शिक्षणाचे भारी वेड. १९४९ साली त्यांनी ती धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, आणि जेथे वारकरी उतरत होते तेथे विद्यार्थी राहू लागले.